टॉनिकविना जिन: पाच प्रकार आणि एक निवड

जिन, म्हणजे ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा स्वाद असलेले मद्य, आपल्याला आवडत नाही, असे मी अनेक वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात मला नकोसा होता तो टॉनिकमधल्या, म्हणजे जिनमध्ये मिसळतात त्या कडसर सोड्यातल्या, क्विनीनचा कडूपणा. हे उमगले ते पाच बाटल्यांतील जिन शेजारी शेजारी ओतून, बर्फ न घालता, प्रत्येकीत तितकेच साधे पाणी मिसळून चाखली तेव्हा. बर्फाने सुगंध दबतो आणि टॉनिकने चव झाकली जाते, म्हणून निवड करताना ही दोन्ही दूर ठेवलेली बरी.

सुरुवात टँकरे या ब्रँडच्या लंडन ड्राय जिनने केली. यातले ‘लंडन’ गावाचे नव्हे, पद्धतीचे नाव आहे: युरोपीय नियमांनुसार स्वाद देणाऱ्या सर्व वनस्पती ऊर्ध्वपातनाच्या वेळीच वापराव्या लागतात, नंतर रंग वा स्वाद मिसळता येत नाही आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमच्या पुढे जाऊ शकत नाही. टँकरेत ज्युनिपर, धणे, अँजेलिकाचे मूळ आणि ज्येष्ठमध असे चारच घटक आहेत. त्यामुळे ज्युनिपरचा राळेसारखा वास सरळ नाकात शिरतो. स्वच्छ, पण किंचित कठोर. सत्तेचाळीस वनस्पतींची जाहिरात करणाऱ्या मंकी ४७ या जिनचे कौतुक पुष्कळ ऐकले असले तरी चार घटक ओळखता येण्यातले समाधान मला अधिक वाटते.

हेंड्रिक्समध्ये गुलाब आणि काकडीचे अर्क ऊर्ध्वपातनानंतर मिसळतात, म्हणून ती लंडन जिन ठरत नाही. पहिला घोट प्रसन्न वाटला. तिसऱ्यापर्यंत मात्र ज्युनिपर शोधावे लागले. ओल्ड टॉम हा अठराव्या शतकापासूनचा किंचित गोड प्रकार. नुसती पिण्यापेक्षा लिंबाच्या रसाबरोबर, म्हणजे टॉम कॉलिन्ससारख्या मिश्रणात, तिच्या गोडीला अर्थ येतो.

खरा धक्का दिला तो जेनेव्हरने. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या, जिनच्या या पूर्वज पेयाच्या ‘औडे’ प्रकारात माल्टवाइन नावाची धान्यापासून गाळलेली दारू किमान १५ टक्के असते. औडे म्हणजे जुने. पण तो शब्द पिंपात मुरवल्याचा नव्हे, जुन्या पद्धतीचा निदर्शक आहे. चवीला भाजलेल्या धान्याचा दाटपणा असून ज्युनिपर मागे उभे राहते. व्हिस्की आवडणाऱ्याने जिनच्या वाटेला जायचे असेल तर इथूनच जावे.

माझी निवड मात्र प्लिमथवर थांबली. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरातील ब्लॅक फ्रायर्स भट्टीत ती १७९३ पासून तयार होते. घटक सात: ज्युनिपर, धणे, संत्र्याची व लिंबाची साल, अँजेलिका, ऑरिसचे मूळ आणि हिरवी वेलची. मुळांमुळे तिला मातीसारखा मऊपणा येतो, वेलची अगदी शेवटी जाणवते आणि ४१.२ टक्के मद्यार्क असूनही घसा जळत नाही. तिचाच ५७ टक्क्यांचा ‘नेव्ही स्ट्रेंग्थ’ भाऊबंद सुगंधाला भारी आहे, पण पाणी जपून घालावे लागते आणि तेवढा संयम मजजवळ नाही. साधी प्लिमथ, तितकेच थंड पाणी आणि वर पिळलेली लिंबाची पातळ साल. टॉनिकची बाटली त्या दिवसापासून उघडलेली नाही.