बैल डावीकडे असला की फोटो शार्प! सेकंडहँड लेन्स घेताना मी कसा गंडलो

२०२४ च्या दिवाळीनंतर मी १ लाख १८ हजार मोजून एक सेकंडहँड कॅमेरा आणि लेन्स घेतली. निकॉनची डी५०० बॉडी (म्हणजे नुसता कॅमेरा) आणि लांबचं जवळ आणणारी २००-५०० ची लेन्स. ७० हजार भिशीचे, बाकी बोनसचे. घरी सांगितलेला आकडा वेगळा होता, तो जाऊद्या.

हा सेट का, तर मला बैलगाडा शूट करायचा होता. आमच्याकडे म्हणजे खेड, मंचर, जुन्नर पट्ट्यात घाटातल्या (घाट म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी) शर्यती म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. २०१४ ला कोर्टाने बंदी घातली तेव्हा मी शाळेत होतो, डिसेंबर २०२१ ला परत परवानगी मिळाली तेव्हा नोकरीला लागलो होतो, आणि २०२३ च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम केल्यावर चुलत्यांनी परत बैल घेतले. एक बारी म्हणजे दहा-बारा सेकंदांचा खेळ, पुढे घोडी, मागे बैल, वर भंडाऱ्याची उधळण, त्यात मोबाईलने काय होत नाही. जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या किटलेन्सवर दोन सीझन काढले, बैल मुंगीएवढे यायचे. डी५०० सेकंदाला १० फोटो मारते, सेन्सर लहान (क्रॉप) असल्याने ५०० ची लेन्स ७५० सारखी जवळ आणते, आणि घाटाच्या कडेला दोरीमागे उभं राहून तेवढं लागतंच.

जाहिरात एका साइटवर बघितली. फोटो एकदम भारी, मागे पांढरा पडदा. खाली लिहिलेलं, मिंट कंडिशन, शटर काउंट (म्हणजे आतापर्यंत काढलेले फोटो) फक्त ३८ हजार, कधी पावसात नेली नाही. फोन केला तर माणूस गोड. पुण्यातलाच. स्वतः वाइल्डलाइफ करतो म्हणाला, ताडोब्याचे वाघ दाखवले. मी सांगितलं बैलगाडा करायचाय तर लगेच म्हणाला, भावा मग शटर दोन हजाराच्या खाली आणूच नको. म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. मला वाटलं चला, गुरू भेटला. आता वाटतं, तिथेच गंडलो. माणूस विकायला बसलाय हे विसरून मी शिकायला बसलो.

मी अगदीच बावळट नव्हतो हां. शटर काउंटचा पुरावा मागितला. निकॉनच्या फोटोफाइलमध्येच आतापर्यंत किती वेळा शटर पडलं तो आकडा लिहिलेला असतो, आणि व्हॉट्सअपवर फोटो साधा पाठवला तर ही सगळी माहिती उडते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला. त्याने दोन मिनिटात पाठवला. चेक केला, ३८ हजार आणि काहीतरी. मी खूष. त्याच फाइलमध्ये बॉडीचा सिरियल नंबरपण लिहिलेला असतो हे मला माहीत होतं, पण तो नंबर हातातल्या बॉडीवरच्या नंबराशी जुळवायचा असतो हे काय डोक्यात आलं नाही.

भेटायचं ठरलं मोशीजवळ एका चहाच्या टपरीवर. मी सकाळी म्हणलो, तो म्हणाला ऑफिस आहे, संध्याकाळी ये. साडेसहाला पोचलो, नोव्हेंबर महिना, अंधार पडलेला. त्याने लेन्स लावली, समोरच्या दुकानाचा बोर्ड मधोमध घेऊन स्वतःच फोटो काढला, मागच्या स्क्रीनवर झूम करून दाखवला, अक्षरं चकाचक. मधोमध. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे हूड म्हणजे उन्हाची झडप लावलेली, तिच्या आत काचेवर यूव्ही फिल्टर. म्हणला ९५ एमएमचा फिल्टर महाग येतो भावा, तुला फ्री दिला. मी थँक्यूपण म्हणलो त्याला.

५ हजार टोकन आधीच दिलेलं. ५० यूपीआयने, ६३ कॅश, कारण त्याला म्हणे कॅशच हवी होती. यूपीआयला नाव एका बाईचं आलं, म्हणाला मिसेसचं खातं आहे. बिल मागितलं तर म्हणाला शोधून फोटो पाठवतो. बिल आजपर्यंत सापडतंय त्याला.

जानेवारीत पहिली यात्रा. पहाटेच जाऊन घाटाच्या डाव्या अंगाला जागा पकडली. तिथून बैल माझ्या डावीकडून उजवीकडे जातात. पळणाऱ्या बैलाच्या पुढे मोकळी जागा सोडायची म्हणजे तो कुठंतरी धावतोय असं वाटतं, म्हणून बैल फ्रेमच्या डाव्या भागात ठेवले. घरी येऊन बघितलं, १५-२० फोटो असले भारी की बैलाच्या नाकातली फेसाची तारसुद्धा दिसत होती. चुलत्यांनी एक फ्रेम करून बैठकीत लावला.

पुढच्या यात्रेत गर्दी होती, समोरच्या अंगाला उभं राहावं लागलं. तिथून बैल उजवीकडून डावीकडे. साहजिकच बैल फ्रेमच्या उजव्या भागात. ४०० फोटो काढले आणि धड एकपण नाही. हलल्यासारखे पण नाहीत, नुसते मऊ, जसं काचेवर कुणी श्वास सोडलाय. मी लगेच गुरूंना पाठवले. गुरू म्हणाले, त्या बाजूला ऊन समोरून येतं, लेन्समध्ये चमक येते, फ्लेअर मारतोय, कॉन्ट्रास्ट जातो. पटलं! कारण खरंच ऊन समोरून होतं.

मग हे चक्रच सुरू झालं. दुपारचे फोटो मऊ आले तर म्हणाला जमिनीची झळ आहे, लांबच्या लेन्सला झळ लागतेच. हे खरंच असतं. धुळीत फोकस चुकला तर म्हणाला लेन्सवरचं फोकसच्या अंतराचं बटण ‘फुल’ (full) वरून ‘सहा मीटरच्या पुढे’ वर कर, फोकस कमी भटकेल. हे पण खरं. मग म्हणाला व्हीआर, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय, नॉर्मलवर नको, स्पोर्टवर टाक. टाकलं. मग म्हणाला शटर बटणाने फोकस करू नको, मागच्या बटणाने कर. महिनाभर अंगठ्याची सवय लावली. मग एएफ फाइन ट्यून, म्हणजे फोकस जरा पुढे-मागे सरकवून जुळवणं. या बॉडीत ते ऑटोमॅटिक होतं, मी रात्री जागून हॉलमध्ये कॅलेंडर टांगून उणे सहा, अधिक चार करत बसायचो आणि बायको विचारायची हे काय चाललंय. या सल्ल्यांत त्या माणसाने मला एक गोष्ट खोटी सांगितली नाही. सगळं पुस्तकात असतं तसंच. फक्त माझा आजार वेगळा होता आणि औषध वेगळंच चालू होतं.

त्यामुळे झालं काय, मी मार्चपर्यंत स्वतःलाच शिव्या घातल्या. हात थरथरतोय, पळणाऱ्या बैलाबरोबर कॅमेरा फिरवणं, म्हणजे पॅनिंग, जमत नाही, साठावर शटर ठेवून चाकं फिरवलेली दाखवायची तर कंबरेतून वळता येत नाही. पोटावर झोपून लो अँगल केले, दुसऱ्या बाजूचा एक बैल माझ्या अंगावर येता येता राहिला तेव्हा चुलते म्हणाले कॅमेरा विकून टाक. एक ऑनलाइन क्लासपण लावला. त्याचे ३ हजार वेगळे.

खरं बाहेर पडलं भिगवणला. मार्चच्या शेवटी कुंभारगावला फ्लेमिंगोसाठी गेलो होतो, होडीत माझ्याबरोबर एक रिटायर्ड काका होते, त्यांच्याकडे सेम टू सेम हीच लेन्स. रांगेत उभे असलेले फ्लेमिंगो, आडवी फ्रेम, या टोकापासून त्या टोकापर्यंत पक्षी. मी काढला आणि त्यांना दाखवला. त्यांनी झूम केला, डावीकडून उजवीकडे सरकवत नेला, आणि म्हणाले, अरे हे बघ, इथपर्यंत डोळे मोजता येतात आणि इथून पुढे सगळे कापूस. मी म्हणलो काका फोकस डाव्या पक्ष्यावर होता, उजवे जरा मागे असतील. ते म्हणाले मग उजव्यावर फोकस करून काढ. काढला. कापूस. मग त्यांनी काही न बोलता स्वतःची लेन्स माझ्या बॉडीला लावून दिली. पहिलाच फोटो, टोकापासून टोकापर्यंत शार्प. त्या होडीत मी काय बोललो ते इथे लिहू शकत नाही, होडीवाला पण हसायला लागला.

परतताना टोलनाक्यावर गाडी बाजूला घेऊन मोबाईलवर जुने फोटो काढून बघितले. चुलत्यांच्या बैठकीतला फोटो, बैल डावीकडे. जे जे चांगले होते त्या सगळ्यात बैल डावीकडे. इतके दिवस मी ज्याला माझी कॉम्पोझिशन म्हणत होतो ती लेन्सच्या चांगल्या अर्ध्या भागाची होती.

दुसऱ्या दिवशी घरी भिंतीवर पेपर चिकटवला, आख्खी दोन पानं, ट्रायपॉडवर कॅमेरा, व्हीआर बंद, झूम ५०० वर, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं म्हणजे एफ ५.६ ला, सेल्फ टायमर लावून. हे मी टपरीवर जायच्या आधीच करायला हवं होतं, घेणाऱ्याने हे पहिलं करावं. डावीकडच्या जाहिरातीतले फोन नंबर वाचता येत होते, उजवीकडची हेडलाइन धूसर. तोंड बारीक करून एफ ११ ला नेलं की बरंचसं झाकलं जायचं, म्हणूनच उन्हातले काही फोटो बरे येत होते आणि मी जास्त गोंधळत होतो.

मग फिल्टर काढायला गेलो. निघेना. रबर बँड लावून, हातमोजे घालून, काहीच नाही. सर्व्हिसवाल्याने काढला तेव्हा कळलं, खाली लेन्सचे फिल्टर बसवायचे आटे चेपलेले. लेन्स तोंडावर पडली होती कधीतरी. चेपलेली कड दिसू नये म्हणून फिल्टर घट्ट पिळून बसवला होता आणि वर हूड. फ्री म्हणून दिलेला! दोन स्क्रूंची डोकी पण खरवडलेली, म्हणजे आधी कोणीतरी उघडून बसवायचा प्रयत्न केलेला. आतला काचांचा गट तिरका बसलाय, सरळ करायचा खर्च २२ हजार, आणि शंभर टक्के होईल याची गॅरंटी नाही असं सांगितलं. शटर काउंट तिथेच बघितला. ३ लाख १२ हजार. या बॉडीचं शटर कंपनीने २ लाखांसाठी टेस्ट केलेलं असतं. घरी येऊन त्याने पाठवलेली ती जुनी फाइल उघडली, सिरियल नंबर बघितला, बॉडीवरचा बघितला. शेवटचे चार आकडे वेगळे. फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्याचा होता.

फोन केला. आधी म्हणाला तुझ्या हातून पडली असेल. मग म्हणाला चार महिने वापरून आता बोलतोस? आणि शेवटी, हे ऐका, म्हणाला भावा मी तर तुला एवढं शिकवलं, त्याचे पैसे घेतले का? मग ब्लॉक.

पोलीस स्टेशनला गेलो. फसवणुकीचं जुनं कलम ४२० आता नव्या कायद्यात ३१८ झालंय एवढं मला तिथे कळलं. साहेब वाईट वागले नाहीत, पण म्हणाले वस्तू तू बघून घेतलीस, कॅशची पावती नाही, बिल नाही, लेन्स त्याच्याकडेच पडली होती हे कसं दाखवणार? अर्ज घेतला. माझ्याकडे दाखवण्यासारखं एकच होतं, ती दुसऱ्या कॅमेऱ्याची फाइल आणि तिच्या वरचा त्याचा मेसेज, हा बघ आपल्या बॉडीचा काउंट. ती चॅट मी उडवली नव्हती हे नशीब. अर्जाला जोडलंय. अजून काही झालं नाही.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा उजेडात जा. स्वतःचं कार्ड न्या, स्वतःच्या हाताने फोटो काढा, लॅपटॉप बरोबर असेल तर तिथेच उघडा, नसेल तर पैसे न देता घरी येऊन बघा आणि विकणारा नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या. काउंट तुम्ही काढलेल्या फोटोचा बघा, त्याने पाठवलेल्याचा नाही. हूड काढा, फिल्टर काढायला सांगा, निघत नसेल तर तिथेच समजून घ्या. मागून मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मुंबई-कोकणातल्या लेन्सला पावसाळ्यात सहज लागते, माझ्यात ती नव्हती एवढंच समाधान. आणि फक्त मधोमध फोकस करून दाखवला तर त्याच्या हातातून कॅमेरा घेऊन तोच बोर्ड आधी एका कोपऱ्यात घ्या, मग दुसऱ्या.

लेन्स अजून माझ्याकडेच आहे, दुरुस्त केली नाही. या सीझनलाही घाटाच्या डाव्याच अंगाला उभा राहतो, त्यासाठी पहाटे चारला उठून जागा धरावी लागते. मागच्या महिन्यात शिक्रापूरहून एक पोरगा विकत घ्यायला आला होता, कॉलेजातला, क्रिकेट शूट करायचंय म्हणाला. मी त्याला ओट्यावर बसवलं, लॅपटॉपवर पेपरचा फोटो उघडला आणि आधी उजवा कोपरा दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, काका, अर्ध्या किमतीत देता का? म्हणलं नाही रे, तुला खेळाडू नेहमी डावीकडेच ठेवावे लागतील.