फ्रान्समध्ये मोटरहोमचा रात्रमुक्काम : कुठे निर्धास्त झोपावं, कुठून पुढे निघावं

मोटरहोम (झोपायची, राहायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन युरोप फिरायचं ठरलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : रात्री गाडी लावणार कुठे, आणि ते सुरक्षित आहे का? फ्रान्सपुरतं या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे, पण त्यात एक मेख आहे. तिथे रात्री थांबायच्या जागेला 'एर' म्हणतात आणि हा एकच शब्द अगदी वेगवेगळ्या जागांना लावतात. गावच्या नगरपालिकेचा तळ ही एर, फाटक लावलेला खासगी तळही एर आणि महामार्गावरचा पेट्रोलपंपाशेजारचा थांबाही एरच. पहिल्या दोन जागी बिनघोर झोपता येतं. तिसऱ्या जागी झोपू नये.

तिसरीपासूनच सुरुवात करू, कारण नवखे लोक फसतात ते तिथेच. महामार्गावर दोन प्रकारच्या एर असतात. 'एर द रपो'मध्ये स्वच्छतागृह, बाकडी आणि झाडं एवढंच. 'एर द सर्व्हिस'मध्ये पंप, दुकान, कॉफी, कधी हॉटेलही. दुसऱ्या प्रकारच्या जागेत दिवे लख्ख असतात, ट्रकच्या रांगा असतात, कॅमेरे असतात. उजेड आणि वर्दळ म्हणजे भीती नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं समीकरण इथे उलटं पडतं. चोराला हवी असते ओळख न पटणारी गर्दी, दहा मिनिटांत दुसऱ्या जिल्ह्यात पोचवणारा रस्ता, आणि दिवसभर गाडी चालवून मेल्यासारखी झोपलेली माणसं. महामार्गावर हे तिन्ही एका जागी मिळतं. भूमध्य समुद्राकडे जाणारा ए-७ आणि तिथून स्पेनच्या सीमेकडे जाणारा ए-९ हे सुट्टीतल्या प्रवाशांचे मुख्य रस्ते, म्हणून तिथे जास्त जपावं. ब्रिटनमधले मोटरहोम क्लबही आपल्या सभासदांना महामार्गावर रात्र काढू नका असंच सांगतात.

दिवसा तिथे अर्धा तास थांबायला हरकत नाही, पण एक जण गाडीत राहावा. ठरलेली युक्ती अशी असते : कुणीतरी काचेवर टकटक करून 'टायर बसलाय' म्हणून मागे बोट दाखवतो, तुम्ही उतरून बघेपर्यंत दुसऱ्या बाजूच्या दारातून पर्स गेलेली असते. स्पेनमध्ये शिरल्यावर एपी-७ वर हाच खेळ चालत्या गाडीशी खेळतात. शेजारून जाणारी गाडी हातवारे करून थांबायला सांगते. थांबू नका. स्टीअरिंग नीट चालतंय ना ते पाहा आणि पुढच्या पंपावर, माणसांत, गाडी थांबवा.

झोप अनावर झाली तर काय करायचं? महामार्ग सोडायचा. बाहेर पडून पाच-दहा किलोमीटर आत गेलं की बहुतेक वेळा एखादं गाव आणि त्याची एर सापडते. टोलचे दोन युरो जास्त गेले तरी चालतील.

गावची एर : ५ पैकी ४

हा फ्रान्सचा खरा दागिना. नगरपालिकेने क्रीडांगणामागे, जुन्या स्टेशनजवळ किंवा स्मशानभूमीच्या भिंतीला लागून (ही जागा सगळ्यांत शांत, भुताखेताचं मनावर घेऊ नका) आठ-दहा गाड्यांची सोय केलेली असते. काही फुकट, काही रात्रीला ५ ते १५ युरो. एका खांबावर पिण्याचं पाणी, सांडपाण्याची जाळी आणि शौचालयाची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) रिकामी करायची मोरी असते. जुन्या यंत्रांना टोकन लागतं. त्याला 'झतों' म्हणतात आणि ते बेकरीत, तंबाखूच्या दुकानात किंवा नगरपालिकेत मिळतं. रविवारी दुपारी ही तिन्ही ठिकाणं बंद असू शकतात, तेव्हा टोकन शनिवारीच घ्या.

पाण्याचे नळ दोन असतात, तिकडे नीट लक्ष द्या. 'ओ पोताब्ल' लिहिलेलं पाणी पिण्याचं. कॅसेट धुवायच्या नळावर 'नों पोताब्ल' असतं, आणि त्याची नळी आधीच्या माणसाने कॅसेटच्या तोंडात खुपसलेली असते. पिण्याच्या पाण्यासाठी स्वतःची नळी वापरा आणि भरण्याआधी नळाचं तोंड पुसून थोडं पाणी वाहू द्या. चोरीच्या भीतीने रात्रभर जागणारी माणसं इथे मात्र बेफिकीर असतात आणि दोन दिवस पोट धरून बसतात.

एक गुण कापला तो बाजाराच्या दिवसामुळे. काही एर गावच्या चौकातच असतात आणि आठवड्याच्या बाजारादिवशी पहाटेपासून तिथे गाड्या लावायला बंदी असते. 'मार्शे' हा शब्द आणि वाराचं नाव असलेली पाटी शोधा : 'जदी' म्हणजे गुरुवार, 'सामदी' म्हणजे शनिवार. पाटी नजरेतून सुटली तर सकाळी टोमॅटोच्या ढिगाऱ्यांत अडकाल किंवा गाडी उचलून नेतील.

फाटकवाली एर, कॅम्पिंग-कार पार्क : ५ पैकी ४

या कंपनीचे तळ देशभर पसरले आहेत. बरेचसे म्हणजे पालिकांनी चालवायला दिलेल्या जुन्या कॅम्पिंगच्या जागा. पद्धत सोपी आहे. 'पास-एताप' नावाचं कार्ड एकदाच काढायचं, त्यात पैसे भरायचे आणि फाटकाच्या यंत्राला दाखवायचं. फाटक उघडल्यापासून २४ तास मोजले जातात. वीज, पाणी, वायफाय बहुतेक ठिकाणी भाड्यातच. किती जागा शिल्लक आहेत ते अ‍ॅपवर आधी दिसतं. संध्याकाळी सातनंतर, उन्हाळ्यात समुद्राकाठी, हीच माहिती सोन्याच्या मोलाची.

सुरक्षिततेच्या हिशेबाने फाटकाचं काम काय ते समजून घ्या. ते गाड्या अडवतं, पायी येणाऱ्याला नाही. रात्री तिथे रखवालदार नसतो, अडचण आली तर फोनवर मदत मिळते. तरीही फरक पडतो, कारण चोराला स्वतःची गाडी आत आणता येत नाही आणि सायकली खांद्यावर टाकून पळणं अवघड असतं. उलट बाजूने पाहिलं तर तुम्हालाही कार्डाशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हणून कार्ड पाकिटात नको, चालकाच्या सीटजवळच्या कप्प्यात ठेवा.

विजेचं गणित सोपं आहे : ६ अँपिअरच्या जोडणीवर २३० व्होल्टने १,३८० वॅट मिळतात. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी लावली की खटका पडणारच, आणि खटक्याची पेटी कुलूपबंद असली तर रात्र अंधारात. कुकर गॅसवरच लावा.

फ्रान्स पासियों : ५ पैकी साडेचार

द्राक्षमळेवाले, चीज करणारे, मधमाश्या पाळणारे अशा दोन हजारांहून जास्त यजमानांची ही योजना. वर्षाची वर्गणी भरली की काचेवर लावायचं स्टिकर मिळतं आणि कुठल्याही यजमानाच्या अंगणात २४ तास फुकट थांबता येतं. खरेदीची सक्ती नाही, पण रिकाम्या हाताने निघणं आपल्यालाच जड जातं. गाडीत स्वतःचं शौचालय आणि सांडपाण्याची टाकी असलीच पाहिजे. घराचा मालक वीस पावलांवर झोपलेला आणि दारात कुत्रा, याहून चांगला बंदोबस्त कुठलाही अलार्म देत नाही. दिवस मावळण्याआधी पोचा आणि आधी घरात जाऊन 'बोंझूर' म्हणा. न सांगता गाडी लावून पडदे ओढून घेणं उद्धटपणाचं समजतात.

अर्धा गुण कापला तो ओल्या गवतासाठी. भाड्याच्या बऱ्याच मोटरहोम फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर असतात. त्यांना ओढ पुढच्या चाकांची आणि वजन साडेतीन टनांपर्यंत. रात्री पाऊस झाला की पुढची चाकं गरगर फिरतात आणि गाडी जागीच रुतते. पुढची चाकं खडीवर ठेवा आणि तोंड उताराकडे, म्हणजे बाहेर पडताना चढ नको.

पार्क फॉर नाइट अ‍ॅप : ५ पैकी ३

प्रवासी यात थांबायच्या जागा आणि त्यांचे अभिप्राय टाकतात. जागा शोधायला उत्तम, विश्वास ठेवायला मध्यम. तारे बघू नका. तारे दृश्याला मिळतात, सुरक्षिततेला नव्हे. गेल्या वर्षभराचे अभिप्राय मूळ भाषेत उघडा आणि ठरावीक शब्द शोधा : फ्रेंचमध्ये 'व्होल' (चोरी), 'कांब्रिओलाज' (घरफोडी), 'एफ्राक्स्यों' (कुलूप तोडणं), 'व्हित्र कासे' (काच फोडली). जर्मनमध्ये 'आइनब्रुख', स्पॅनिशमध्ये 'रोबो'. वर्षभरात असे दोन उल्लेख दिसले तर ती जागा सोडा. समुद्रकिनाऱ्याचे आणि प्रसिद्ध स्थळांचे वाहनतळ या यादीत वारंवार सापडतात, आणि तिथल्या कितीतरी फोडाफोडी भरदुपारी, गाडी रिकामी असताना होतात.

कायद्याचं म्हणाल तर जिथे कुठलंही वाहन उभं करायला परवानगी आहे तिथे गाडीत झोपणं म्हणजे कॅम्पिंग नव्हे. खुर्च्या बाहेर काढल्या किंवा छत ताणलं की ते कॅम्पिंग होतं. समुद्रकिनारी, संरक्षित स्थळी आणि वर्गीकृत वास्तूपासून ५०० मीटरच्या आत त्याला मनाई आहे. अनेक गावं रात्रीच्या थांब्यावर वेगळी बंदी घालतात, तेव्हा पाटी वाचा.

आणि ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी : बोटीच्या आदल्या रात्री कॅले बंदराच्या आसपास आडवाटेला थांबू नका. लपून इंग्लिश खाडी ओलांडून ब्रिटनला जाऊ पाहणारे लोक मागच्या सामानाच्या कप्प्यातही शिरतात. निघण्याआधी प्रत्येक कप्पा उघडून बघा.

गाडी लावायची कशी

कुलपांपेक्षा महत्त्वाचं एकच : खाली न उतरता गाडी सुरू करून निघता आलं पाहिजे. त्यासाठी तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवा. फिरणारी चालकाची सीट झोपण्याआधी पुढे वळवून ठेवा. काचेवरचा उष्णतारोधक पडदा आतून लावायचा घ्या. बाहेरून लावायचा पडदा थंडीत जास्त चांगला असतो, पण तो काढायला दार उघडावं लागतं. गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकांखाली घातलेले प्लॅस्टिकचे चढ तिथेच सोडून निघालात तर नुकसान फारतर तीस-चाळीस युरोंचं. किल्ली रोज त्याच खुंटीला, खिडकीतून दिसणार नाही अशी.

डुकाटो जातीच्या गाड्यांत पुढच्या दारांचं कुलूप हा कच्चा दुवा आहे. भाड्याच्या गाडीत जादा कुलूप बसवता येत नाही, पण फुकटचा उपाय आहे : सीटबेल्ट ओढून दाराच्या आतल्या हँडलमधून घ्या आणि खटक्यात अडकवा. बाहेरून कुलूप उघडलं तरी दार काही बोटंच उघडतं. मागचं राहण्याच्या भागाचं दार मात्र आतून एका झटक्यात उघडेल असंच ठेवा. आग लागली तर तीच वाट. प्लॅस्टिकच्या खिडक्या 'किंचित उघडी' या खाचेवर ठेवून झोपू नका, तिथून पट्टी घालून त्या सहज उचकटता येतात. हवेसाठी छतावरचा झरोका पुरतो.

गुंगीच्या वायूची भीती

दर उन्हाळ्यात ही कहाणी पुन्हा फिरते : चोरांनी झरोक्यातून गुंगीचा वायू सोडला आणि सगळं कुटुंब बेशुद्ध पडलं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने ही दंतकथा असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. ईथरचा वास इतका उग्र की झोपलेला माणूस खोकत उठेल. एवढी मोठी जागा भरायला लागणारा वायू पिशवीत मावणारा नाही. आणि भूल देऊन श्वासावर लक्ष ठेवलं नाही तर माणसं मरतील. बिनवासाचं, स्वस्त आणि सुरक्षित औषध चोरांकडे असतं तर डॉक्टरांनीच ते आधी वापरलं असतं. चोर रात्री आत शिरतात हे खरं, पण ते हलक्या पावलांनी, आणि सातशे किलोमीटर गाडी चालवलेल्या माणसाला तसंही काही ऐकू येत नाही.

खरा जीवघेणा वायू गाडीतच तयार होतो. थंडीत शेगडी पेटवून ऊब घेणं, किंवा विझत आलेली कोळशाची शेगडी पावसात भिजू नये म्हणून आत आणणं, यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. 'ईएन ५०२९१-२' हा प्रवासी वाहनांसाठीचा मानक छापलेला अलार्म सोबत न्या आणि झोपताना डोकं असेल त्या उंचीला लावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, आणि तो जमिनीलगत, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. त्याच कारणासाठी गाडीच्या तळातल्या हवेच्या जाळ्यांवर चटई किंवा चपलांचा ढीग नको. गाडीचा स्वतःचा हीटर रात्री चालवायला हरकत नाही, फक्त त्याची धुराची नळी बर्फाने किंवा शेजारच्या गाडीने अडलेली नसावी.

दक्षिणेत सप्टेंबर ते नोव्हेंबर पाण्याकडे लक्ष द्या. आर्देश, गार, एरो या भागांत सेव्हेन डोंगरांवर काही तासांत इतका पाऊस कोसळतो की नदी पाहता पाहता चढते, आणि गावच्या एर नेमक्या नदीकाठी असतात. मेतेओ-फ्रान्स या फ्रेंच हवामान खात्याचा 'व्हिजिलांस' (धोक्याच्या इशाऱ्यांचा) नकाशा संध्याकाळी बघा. नारिंगी रंग दिसला की उंचावरच्या गावात जा, लाल दिसला तर लगेच निघा.

पासपोर्ट सगळ्यांचे एका पिशवीत नकोत. ते गेले तर पोलिसांत किंवा जॉंदार्मरीत (खेड्यापाड्यांतलं पोलीस दल) तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी लागते, मग पॅरिसचा भारतीय दूतावास. दक्षिणेत असाल तर २०२५ मध्ये सुरू झालेलं मार्सेयचं वाणिज्य दूतावास जवळ पडेल, तिथे आधी फोन करून विचारा. दूतावासाचं आपत्कालीन प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं, पुढचा दौरा तिथेच संपतो. तातडीच्या मदतीसाठी ११२, पोलिसांसाठी १७.