संत्रा लावायच्या आधी माती तपासली, लॅबचा अनुभव

माती तपासायचा अनुभव कसा होता असं दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून लिहितो. मोर्शी तालुक्यात आमचं सहा एकर वावर आहे, आतापर्यंत पऱ्हाटी (कपाशी), तूर अन् सोयाबीन एवढंच. यंदा तीन एकरात संत्रा लावायचं ठरलं म्हणून मार्चमध्ये एका प्रायव्हेट लॅबमध्ये माती दिली. लॅबचं नाव लिहत नाही, कारण पुढं तक्रार पण आहे.

मी आपली वरवरची माती युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरून घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोरानं पोतं पाहूनच हात जोडले. म्हणे, "काका, आता नत्र तुमच्या वावराचं मोजू का या पोत्याचं?" मग पीक कोणतं ते विचारलं, संत्रा म्हटल्यावर सगळंच परत. कपाशीले वीतभर खोलीची माती चालते, पण झाडासाठी फूट-फूट करून तीन फुटांपर्यंत वेगवेगळ्या पिशव्या पाहिजे, धुऱ्याजवळची (बांधाजवळची) नको, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची तर नकोच. घरी येऊन नाल्याकडच्या काळीत अन् वरच्या बरडीत (हलक्या मुरमाड जमिनीत) खड्डे खांदले. मार्चमधली काळी म्हणजे भेगेत पाय जाईल पण ढेकूळ फुटणार नाही, दोन दिवस कंबर धरली होती.

पैसे वसूल झाले ते इथं. काळीच्या तिसऱ्या फुटातली माती बशीत घेऊन त्यानं माह्या समोर ॲसिडचे चार थेंब टाकले तर सोड्यासारखी फसफसली, म्हणजे मातीत चुना. रिपोर्टमध्ये मुक्त चुना वरच्या फुटात 6 टक्के अन् खाली 14, संत्र्याले 10 च्या आत पाहिजे. म्हणजे वरून पाहून कोणाले काही समजलं नसतं, झाडं दोन-तीन वर्षं छान वाढली असती अन् मूळ खाली गेल्यावर पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या, कारण चुन्यामुळं जमिनीत लोह असून झाडाले मिळत नाही. त्यात काळीत पाणी साचते, त्यानं डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येते तो वेगळाच. बरडीत चुना 4 टक्के निघाला, खाली मुरूम आहे, पाणी निथरते. बाबा अजून बोलून दाखवतात, "बरडीत का संत्रा होते बे?" पण आता संत्रा वर अन् पऱ्हाटी काळीत हे पक्कं.

आमच्याकडं सरकारी मृदा आरोग्य पत्रिका होती. ती योजना 2015 ची, त्यात सामूपासून (pH) जस्त-बोरॉनपर्यंत 12 गोष्टी असतात, पण मुक्त चुना नसतो. फळबाग लावणार असाल तर तो वेगळा सांगून तपासून घ्या, पत्रिका आहे म्हणून बसू नका.

आता तक्रार. आठ दिवस सांगून रिपोर्ट 23 दिवसांनी दिला, फोन उचलत नव्हते, दोन चकरा फुकट गेल्या. अन् मागच्या पानावरची खताची शिफारस पाहिली तर काळीची अन् बरडीची एकदम सारखी, किलोसकट! पुढच्या पानावर पालाश "भरपूर" लिहिलं आहे (आपल्या काळ्या जमिनीत तो बहुतेक असतोच) अन् मागं पोटॅश, म्हणजे पालाशच, टाका म्हणते. काहून भाऊ? सेंद्रिय कर्ब 0.42 टक्के आला, त्यावर उपाय काय तर "शेणखत वापरा", किती गाड्या ते नाही. जस्त कमी निघालं म्हणून झिंक सल्फेट सांगितलं तेवढं कामाचं होतं. बाकीचं कृषी सहायकाकडून समजून घेतलं.

साळ्याचं वावर दर्यापूरकडं खारपाणपट्ट्यात (जमिनीतलं पाणी खारट असते तो भाग) आहे, त्याले मी सांगितलं तू मातीसोबत विहिरीचं पाणी पण दे, तिकडं खरा घोळ सोडियमचा असते अन् तो कमी करायले जिप्सम किती टाकायचं ते त्यावरच ठरते. ही लॅब पाणी तपासते, पण त्याचे पैसे वेगळे.

माझ्याकडून तपासणीले 5 पैकी 4, सल्ल्याले दीड. जाल तर पिशवीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, माझ्या एका चिठ्ठीची शाई ओलीनं पसरली अन् दुसरा फूट का तिसरा ते समजेना म्हणून तो खड्डा परत खांदावा लागला.