ज्येष्ठांचं 'हृदय-मेंदू' पॅकेज : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका लॅबची सेवा

'प्रथिनांची झीज ओळखा' अशी जाहिरात आहे. ती निम्मीच खरी.

एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी, कामाची. साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. या एका तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, मिसळ खाऊन गेलात तरी चालतं. अंगात लोह कमी असेल तर मात्र आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो. हीच साखर धमन्यांतल्या कोलॅजनलाही चिकटते आणि त्या ताठर होतात.

एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं प्रथिन, वयाने आणि किडनीच्या आजाराने वाढतं, लठ्ठ माणसात कमी दिसतं. रिपोर्टवर सगळ्यांना एकच मर्यादा छापलीय, ही सरळ चूक.

मेंदूच्या नावाखाली फक्त बी12 जीवनसत्त्व आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. विसराळूपणाची बरी होणारी कारणं शोधायला दोन्ही हव्यातच. पण अल्झायमरमध्ये पेशींबाहेर साचणारं बीटा-अमायलॉइड किंवा आत गुंता करणारं टाऊ ही प्रथिनं यात दिसत नाहीत. बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर टीएसएच चुकतो. काउंटरवर हे कुणी विचारत नाही.

म्हातारपणी ट्रान्सथायरेटिन या रक्तातल्या प्रथिनाचे चार जोडलेले भाग सुटतात, चुकीचे दुमडतात आणि हृदयाच्या स्नायूत साचतात. दम लागतोय आणि दोन्ही हातांना मुंग्या येतात, तर हा आजार असू शकतो; पॅकेजमध्ये तो ओळखू येत नाही, म्हणून पॅकेजचे पैसे वाचवून हृदयरोगतज्ज्ञ गाठा. तिथे पायरोफॉस्फेट स्कॅन, आणि सोबत लाइट चेनसाठी (अँटीबॉडीचे तुकडे, तेही असेच हृदयात साचू शकतात) रक्त-लघवी तपासणी लागते.

घरी येऊन रक्त घेणारा मात्र वेळेचा पक्का.