हँडब्रेक: आहे ती केबल नीट करून घ्यावी की हायड्रॉलिक बसवावा?

मागची चाकं घसरवायला, म्हणजे ड्रिफ्ट करायला, शिकायचं म्हणून कोणी पहिल्यांदा मोकळ्या मैदानात गाडी घातली की बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. हँडब्रेक ओढला जातो, मागून जराशी कुरकुर होते आणि गाडी सरळ रेषेत गुमान थांबते. मग बघ्यांतला एक जण सांगतो, "केबल टाइट करून घे." दुसरा म्हणतो, "त्यात काही दम नाही, सरळ हायड्रो टाक." सल्ले दोन्ही खरे आहेत, पण वेगवेगळ्या गाड्यांसाठी. मी स्वतः केबलवाला आहे, तेव्हा माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो.

हँडब्रेक मुळात गाडी उभी ठेवण्यासाठी असतो. लिव्हर ओढली की केबल ताणली जाते आणि मागच्या दोन्ही चाकांमधले ब्रेक शू, म्हणजे घर्षणाच्या कमानी, ड्रमच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या) आतल्या भिंतीवर दाबले जातात. ड्रमची एक खुबी अशी, की चाक फिरत असताना पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप आणखी घट्ट बसतो. त्यामुळे हाताच्या थोड्या जोरातही चाक जाम होतं. मागे डिस्क, म्हणजे फिरणारी तबकडी, असेल आणि केबल थेट तिला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरला जोडलेली असेल तर ही फुकटची मदत मिळत नाही. म्हणून मागे ड्रम असलेली साधी हॅचबॅक हँडब्रेकवर झटकन फिरते आणि चारही चाकांना डिस्क असलेली तिची महागडी बहीण नुसती हळू होते. काही गाड्यांत डिस्कच्या मधोमध हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम दिलेला असतो. तसं असेल तर काम सोपं.

आता केबल "टाइट" करण्याबद्दल. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. गॅरेजमध्ये गाडी दिली की मिस्त्री लिव्हरखालचं कव्हर काढतो, नट चार आटे आवळतो आणि "झालं, घेऊन जा" म्हणतो. माझ्या गाडीचं असंच केलं होतं. दोन दिवस लिव्हर मस्त कडक लागली आणि तिसऱ्या दिवशी मागच्या डाव्या चाकापाशी जळका वास यायला लागला. शू सतत ड्रमला घासत होता. खरा दोष केबलमध्ये नव्हताच, शू झिजले होते. केबल जास्त ताणलेली असली की ड्रममधला आपोआप जुळणारा ॲडजस्टर नीट काम करत नाही. शू आणि ड्रममधलं अंतर तसंच राहतं आणि पायाचा ब्रेकही खोल जायला लागतो.

बरोबर क्रम याच्या उलट आहे. पुढच्या चाकांना अडण लावून मागची बाजू जॅकवर उचला आणि स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. लिव्हर पूर्ण खाली करून केबलचा नट सैल करा. ड्रम उघडून शूची जाडी बघा, आत ब्रेक ऑइल झिरपलंय का तेही बघा. मग ड्रम परत बसवून शू जुळवा. दातेरी चाकी असेल तर शू ड्रमला हलकेच टेकेपर्यंत फिरवून थोडी मागे घ्यायची. आपोआप जुळणारी रचना असेल तर पायाचा ब्रेक दहा-वीस वेळा दाबायचा. केबलचा नट आवळायचा तो हे सगळं झाल्यावर. लिव्हर किती खटके (दाते) वर आल्यावर गाडी धरली पाहिजे, तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. बऱ्याच गाड्यांत तो पाच ते आठच्या आसपास सापडेल. लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत आणि वर घेताना दोन्ही एकाच वेळी जड झाली पाहिजेत. एक आधी आणि एक नंतर धरत असेल तर गाडी एका वळणाला छान फिरेल आणि दुसऱ्याला हट्टीपणा करेल. मैदानासाठी एखादा खटका कमी ठेवायला हरकत नाही, मात्र पाच-दहा किलोमीटर चालवून झाल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघा. ऊब असू द्या, चटका नको.

एवढं केल्यावर पुष्कळांची तक्रार तिथेच संपते. खर्च म्हणाल तर मजुरी आणि फार तर नवे शू.

हायड्रॉलिक हँडब्रेकचं गणितच वेगळं. उभी लांब लिव्हर, तिच्या बुडाशी ऑइलला दाब देणारा एक छोटा मास्टर सिलिंडर आणि तो मागच्या ब्रेकच्या नळीत मधोमध बसवलेला. ओढलं की ऑइलचा दाब थेट मागच्या ब्रेकवर जातो, सोडलं की क्षणात उतरतो. केबल ताणते, गंजते, पावसाळ्यात तिच्या आवरणात पाणी शिरतं. इथे तसं काही नाही. प्रत्येक वेळी हाताला सारखंच लागतं. स्पर्धेतल्या ड्रिफ्टच्या गाड्यांत हाच असतो तो याच कारणाने. जपानमध्ये घाटरस्त्यांवर रुजलेला ड्रिफ्टचा प्रकार तिथल्या डी-वन ग्रांप्री आणि अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्ट या स्पर्धांपर्यंत गेला, तेव्हा हँडब्रेकचं कामही वाढलं. दोन गाड्या जोडीने घसरत असताना मागचा चालक पुढच्याला धडकू नये म्हणून, किंवा गाडी आणखी बाहेरच्या बाजूला न्यायची म्हणून, घसरण चालू असतानाच तो पुन्हा पुन्हा ओढला जातो. एवढी बारकाई जुन्या केबलकडून होणं अवघड.

पण त्याची किंमत पैशात मोजून भागत नाही. एक तर या लिव्हरला ओढलेल्या जागी अडवून ठेवणारे दाते सहसा नसतात. म्हणजे गाडी चढावर उभी करायला मूळ केबल ठेवावीच लागते. दुसरं, पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या नळ्या तिरप्या वाटलेल्या असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक सर्किट फुटलं तरी पुढचा एक ब्रेक शाबूत राहावा म्हणून ही सोय. तिथे एका सिलिंडरचा हँडब्रेक लावायचा तर सगळी नळीजोडणी पुढे-मागे अशी बदलावी लागते, म्हणजे कारखान्याने दिलेली सुरक्षा आपल्या हाताने मोडायची. मागच्या चाकांनी चालणाऱ्या ज्या गाड्यांत विभागणी मुळातच पुढे-मागे असते, तिथे काम सरळ आहे. तिसरं, पायाने दाबलेल्या ब्रेकचा दाबही आता याच सिलिंडरमधून मागे जातो. तो गळला तर मागचे ब्रेक गेले. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत मी हे करणार नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या मनमानी बदलांना आडवं येतंच.

आता तुमच्या गाडीची कोणती चाकं ओढतात ते बघा. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

स्विफ्टसारखी पुढून ओढणारी गाडी असेल तर हँडब्रेक हेच मुख्य हत्यार. पण त्याला ड्रिफ्ट म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. मागची चाकं घसरतात, गाडी फिरते, आणि ॲक्सिलरेटर दिला की पुढची चाकं तिला ओढून सरळ करतात. घसरण लांबवायला इंजिनची मदत नाही. मैदानात मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनभोवती पटकन वळायला मात्र हे फार कामाचं. स्टिअरिंग आधी वळवायचं, मग ओढायचं, तेही क्षणभर. अंगठा बटणावर दाबूनच ठेवायचा, नाहीतर दाते अडकतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरत राहते. यासाठी चांगली जुळवलेली केबल पुरते.

मागून ढकलणाऱ्या गाडीत, म्हणजे जुनी बीएमडब्ल्यू किंवा टू-व्हीलमध्ये टाकलेली जिप्सी, हँडब्रेक फक्त सुरुवात करून देतो. ओढताना क्लच दाबलेला हवा, कारण ती चाकं इंजिनला जोडलेली आहेत. नाही दाबला तर इंजिन बंद पडतं. नंतर क्लच सोडून ॲक्सिलरेटरवर घसरण टिकवायची आणि स्टिअरिंग उलट द्यायचं. इथे इतर वाटाही आहेत. क्लच झटक्यात दाबून सोडणं स्वस्त वाटतं, पण क्लचप्लेट आणि प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट त्याचं बिल पाठवतात. नुसत्या ताकदीवर घसरवायला ताकद असावी लागते. वळणाआधी गाडी उलट्या बाजूला झोकून मग आत आणणं कमी ताकदीच्या गाडीलाही जमतं, मात्र जागा भरपूर लागते. जिप्सीसारख्या उंच गाडीत मी ते नवख्याला सांगणार नाही, ती कलंडते.

जमीनही विचारात घ्या. आपल्याकडची ऑटोक्रॉस, म्हणजे आखलेल्या मार्गावर वेळ मोजून गाडी पळवायची स्पर्धा, पुष्कळदा मुरमाच्या मैदानावर होते. मुरमावर साधी केबलही चाक सहज जाम करते. कोरड्या डांबरावर चिकट टायर घालून उतरणार असाल तरच हायड्रॉलिकचा जोर खरा उपयोगी पडतो.

बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर दोन्ही पर्यायांचा विचार सोडा. चालत्या गाडीत ते बटण धरून ठेवलं तर बहुतेक गाड्या चारही चाकांना ब्रेक लावून तुम्हाला सरळ थांबवतात. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, असलेल्या गाडीत तो बंद केल्याशिवाय लिव्हरचाही फारसा उपयोग नाही. आणि हे सगळं बंद मैदानात. रस्त्यावर केलंत तर त्याच कायद्याची कलमं १८४ (धोकादायक ड्रायव्हिंग) आणि १८९ (शर्यत) आहेतच.

माझा क्रम असा: आधी शू, मग केबल, मग एक पूर्ण हंगाम. त्यानंतरही हात कमी पडत नाही, ब्रेकच कमी पडतो असं वाटलं आणि गाडी फक्त मैदानासाठी ठेवलेली असली, तर हायड्रॉलिक. सरावानंतर गाडी बाजूला लावताना मात्र हँडब्रेक ओढू नका. तापलेला ड्रम गार होताना आकसतो आणि शूला चिकटून बसतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.