पांढऱ्याचं झाकण : आठ महिने ॲक्रिलिक आणि हर्णैचा समुद्र

गेल्या आठवड्यात पांढऱ्या रंगाची १२० मिलीची ट्यूब कात्रीने उभी फाडली. आत रबराची कांडी! निम्म्याहून जास्त रंग वाया. कारण काय, तर झाकणाला केसाएवढी चीर. तेव्हा आज जे लिहितोय त्यातला बराच राग त्या झाकणावर निघेल, समजून घ्या.

दिवाळीत ॲक्रिलिकचा (पाण्यात कालवायचे, झटपट वाळणारे रंग) १२ रंगांचा, प्रत्येकी १२ मिलीचा स्टुडंट ग्रेडचा, म्हणजे शिकाऊ लोकांसाठीचा संच घेतला. आम्ही दापोलीकर, रविवारी स्कूटर काढली की हर्णै. समोर सुवर्णदुर्ग, भोवती पाणी, अजून काय पाहिजे? पण समुद्र काढायचा म्हणजे आकाशात पांढरा, फेसात पांढरा, लांबचा डोंगर धूसर करायलाही पांढराच. तीन रविवारांत ट्यूब चपटी झाली. जांभळी अजून सीलबंद आहे. बाराही ट्यूबा एका मापाच्या भरणाऱ्याने जन्मात एक लाट रंगवलेली नसणार. म्हणून मोठी पांढरी वेगळी आणली आणि तिने हे दिवे लावले.

बाकी रंग ठीक. काळ्याला हातही लावत नाही. अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घातला की किल्ल्याचा तट आणि ओले खडक दोन्ही निघतात. थॅलो ब्लू हा भलताच जोरकस निळा मात्र मोहरीएवढाच घ्या. जरा जास्त झाला की हर्णैचा स्विमिंग पूल होतो. आपला समुद्र मुळात निळा कमी आणि मातकट हिरवा जास्त, त्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) लागतोच.

नोव्हेंबरात मी भेटेल त्याला सांगत होतो, ॲक्रिलिक घेऊ नका, वाऱ्यावर पाच मिनिटांत पॅलेटवर पापड होतो. ते शब्द आता मागे घेतो. एक तर उपाय फुकटात निघाला : आइस्क्रीमचा रिकामा डबा, तळाशी ओलं फडकं, त्यावर बटर पेपर. रंग त्यावर काढायचा, काम झालं की झाकण. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. आणि दुसरं म्हणजे भरती कोणासाठी थांबत नाही. आठला समोर दिसणारा खडक साडेनऊला पाण्याखाली असतो. थर झटपट वाळतो म्हणूनच त्याच बैठकीत वर फेस ओढता येतो. तैलरंगात दिवसच्या दिवस वाट बघावी लागली असती.

एक सवय मात्र करून घ्यावी लागली. ओला असताना रंगातलं माध्यम (रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट द्रव) दुधट असतं, वाळलं की पारदर्शक होतं, म्हणजे रंग गडद होतो. माझी पहिली चार आभाळं त्यामुळे पावसाळी झाली. आता कागदाच्या कपट्यावर ठिपका देतो, फुंकर मारतो, मग कॅनव्हासला हात लावतो.

पावसाळ्याचं वेगळंच. जूनच्या दमट उकाड्यात दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले होते, ते चिकटले. सोडवताना एकाचं आभाळ दुसऱ्याच्या वाळूवर गेलं. चूक माझी. मधे बटर पेपर घालायला हवा होता.

पण झाकण माझी चूक नाही. दुकानदार म्हणाला, "काका, फोडलेला माल परत नाही घेत." फोडली नसती तर चीर कळली कशी असती? कंपनीला फोटोसकट ईमेल केला. चार दिवसांनी उत्तर : ट्यूब थंड व कोरड्या जागी ठेवावी. दापोलीत. जूनमध्ये.

शेवटी नवी ट्यूब आणली (दुसरी कंपनी, पैसे तेवढेच) आणि सगळा रंग हिंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत भरला. आट्यांना व्हॅसलिनचं बोट फिरवलं. झाकण असं घट्ट बसतं की काय सांगू. फक्त काल हिने चित्राजवळ नाक नेलं आणि विचारलं, "अहो, समुद्राला फोडणी दिलीत का?"