माट्टी की भिरंड? आधी जमीन बघा

घरामागे चार-पाच गुंठे मोकळे आहेत, रानातलंच झाड हवंय, मग माट्टी लावू की भिरंड, म्हणजे कोकम? मिरग जवळ आला की हे कुणी ना कुणी विचारतंच. दोन्ही झाडं सह्याद्रीची, पण एकीची जागा दुसरीला मानवत नाही.

माट्टी म्हणजे घाटावरचा ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून ओळखला जाणारा. गोव्यातल्या मोल्याच्या रानात मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळपट खोडं दिसतात, ती हिची. पानझडी रानातलं झाड, त्यामुळे डोक्यावर ऊन हवंच. उन्हाळ्यात पानं टाकून मोकळं होतं आणि जांभ्याच्या उतारावरही तग धरतं. शंभर फुटांपर्यंत वाढतं, म्हणून कौलांपासून लांब लावा. खायला काही मिळत नाही. पाच पंखांची हिरवी फळं चवथीला गणपतीवरच्या माटोळीला बांधायची, तेवढंच. पुढे अडचण झाली तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडताही येत नाही.

भिरंडीला सावली चालते. ती मुळात ओढ्या-व्हाळाकाठच्या सदाहरित रानातली, म्हणून गोव्यातल्या सत्तरीच्या कुळागरांत, म्हणजे बागायतींत, माड-पोफळींखाली सुखाने नांदते. सोलं, आगळ (खारवलेला रस), बियांचं तेल म्हणजे भिरंडेल, घरात सगळं लागतं. फळ एप्रिल-मेमध्ये येतं, तेव्हा वळवाच्या आधी सोलं वाळवायची घाई असते. एक सर आली की बुरशी.

खरी मेख वेगळीच आहे. भिरंडीत नर आणि मादी झाडं निराळी, आणि रोप बघून काही कळत नाही. बारा वर्षांपूर्वी मी एका नर्सरीतून बियांची तीन रोपं आणली. ‘जोमाने वाढतील’ म्हणाले, वाढलीही. आठव्या वर्षी फुलली, तेव्हा तिन्ही नर निघाले! म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या, चार-पाच वर्षांत फळ धरतं. घेताना कलमाची काडी सरळ शेंड्याची होती का, तेही विचारा. आडव्या फांदीचं कलम झुडपासारखं पसरत जातं, उंच होत नाही. आसपास एखादा नर मात्र हवा. दहा माद्यांना एक पुरतो.

तेव्हा परसात ओल असेल, माडांची सावली असेल, तर दुसरा विचार न करता भिरंड लावा. उघड्या, कोरड्या भरडावर भिरंडीला पाणी घालत बसण्यापेक्षा माट्टी बरी.

माझे तिन्ही नर अजून उभे आहेत. शेजारच्या काकींची भिरंड ते फुलायला लागल्यापासून लगडते. दर मे महिन्यात त्या आगळाची एक बाटली पाठवतात, ‘माझ्या जावयांची’ म्हणून.